जीवशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हिशोब

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. बारावीचा निकाल लागून काही आठवडे झाले होते. मार्गासनीच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा असताना आपल्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीचे वडील भेटले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले बँकेचे कागद होते. मुलगी हुशार. शाळेत असताना सुट्टीत राजगडाच्या पायथ्याच्या ओढ्यांतील बेडकांची चित्रे काढून वहीत त्यांच्या नोंदी ठेवणारी. तिला जीवशास्त्रच शिकायचे होते. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "सर, साडेतीन लाखांच्या वर कर्ज काढावं लागतंय. पोरगी शिकंल यात शंका नाही. पण कर्ज फिटंल का, तेवढं सांगा."

मी इतिहासाचा शिक्षक. त्या वेळी "बघू, मार्ग निघेल" असे मोघम काहीतरी बोललो. एसटी आली, ते गेले. पण प्रश्न माझ्याजवळच राहिला. "शिका" हा बाबासाहेबांचा आदेश आपण मुलांना नित्य सांगतो. मात्र शिकण्याचा खर्च आणि शिकून मिळणारे उत्पन्न यांचा ताळमेळ कसा घालावा, हे सांगायचे राहून जाते. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या पालकांना तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर येथे मांडतो आहे.

आपल्या भागातील माणूस कर्जाला भितो, आणि त्या भीतीला इतिहास आहे. १८७५ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जरोखे जाळले. कर्ज पिढ्यान्‌पिढ्या माणसाला कसे बांधून ठेवते, हे आपल्या आजे-पणज्यांनी अनुभवले आहे. पण निव्वळ भीतीपोटी मुलीचे शिक्षण थांबवणे हाही तोट्याचाच व्यवहार ठरतो. म्हणून भीती बाजूला ठेवून हिशोब करावा. या बाबतीत बाबासाहेबांचे स्वतःचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे. तिच्यासोबत एक करारही होता : शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धवट होता. १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. तेथे त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि नोकरी सोडावी लागली, ही हकिकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

त्यापुढील भाग मात्र आपण क्वचित सांगतो. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपये वेतनावर प्राध्यापक झाले. काटकसरीने राहून त्यांनी बचत केली. राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले. स्नेही नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या.

हा क्रम लक्षात घ्यावा. आधी शिष्यवृत्ती, मग स्वतःची कमाई आणि बचत, त्यानंतर हितचिंतकांचे साहाय्य आणि सर्वांत शेवटी कर्ज. तेही शिक्षणाच्या शेवटच्या पायरीसाठी, नेमक्या कामाकरिता घेतलेले. आज आपल्याकडे हा क्रम उलटा झालेला दिसतो. पहिल्याच पायरीवर, पदवीच्या पहिल्या वर्षालाच, सर्वांत मोठे कर्ज काढले जाते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज नंतर आठवतो.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे येऊ. पुण्यातील एखाद्या विनाअनुदानित अभ्यासक्रमाचा वार्षिक खर्च १,२०,००० रुपये आहे असे धरू. हा आकडा केवळ उदाहरणादाखल आहे. प्रत्येकाने आपापला मांडावा. त्यात शुल्क २५,००० रुपये. खोली आणि मेस दरमहा ८,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ८०,००० रुपये. पुस्तके, प्रयोगवह्या आणि प्रवास मिळून १५,००० रुपये. म्हणजे खर्चाचे दोन तृतीयांश हे शिकण्याचे नसून पुण्यात राहण्या-जेवण्याचे आहेत. अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र घेतले तर शुल्क आणखी कमी, काही हजारांतच असते. राहण्याचा खर्च मात्र तोच. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे का उभारली आणि आपली शाळा निवासी का आहे, याचे उत्तर याच आकड्यांत आहे. खेड्यातील मुलाला शाळेच्या फीपेक्षा शहरातील छप्पर महाग पडते.

तीन वर्षांचा सारा खर्च कर्जातून भागवला तर मुद्दल ३,६०,००० रुपये होते. बँकेचा व्याजदर दहा टक्के धरू. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पुष्कळ पालकांचा समज असा की, तोवर व्याजही चालत नाही. तसे नाही. पैसा बँकेने दिला त्या दिवसापासून व्याज सुरू होते. फक्त ते साचत राहते. पहिल्या वर्षीच्या १,२०,००० वर चार वर्षांचे ४८,०००, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर तीन वर्षांचे ३६,००० आणि तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर दोन वर्षांचे २४,०००. एकूण १,०८,००० रुपये. हे मुद्दलात मिळवले की फेड सुरू होते त्या दिवशी देणे ४,६८,००० रुपये झालेले असते.

ही रक्कम दहा वर्षांत फेडायची तर दरमहा सुमारे ६,१८५ रुपये हप्ता पडतो आणि अखेरीस एकूण सुमारे ७,४२,००० रुपये भरले जातात. म्हणजे उचललेल्या रकमेच्या दुपटीहून थोडे अधिक. याउलट शिकत असतानाच व्याज भरत गेले, म्हणजे पहिल्या वर्षी महिना सरासरी १,०००, दुसऱ्या वर्षी २,००० आणि पुढे ३,००० रुपये, तर नंतरचा हप्ता सुमारे ४,७५७ रुपयांवर येतो आणि एकूण भरणा सुमारे ६३,००० रुपयांनी कमी होतो. ज्या घराला हे जमण्यासारखे असेल त्याने जरूर करावे.

खर्चाची बाजू झाली. आता उत्पन्नाची. जीवशास्त्राच्या पदवीधराला वाटा अनेक आहेत. परंतु त्यांचा पैसा वेगवेगळ्या वेळी येतो.

पहिली वाट बी.एस्सी. होताच नोकरीची. औषध वा अन्नपदार्थांच्या कारखान्यांतील गुणवत्ता तपासणी, औषध विक्री प्रतिनिधी, प्रयोगशाळा साहाय्यक अशी ही कामे. या वाटेवरचा नेमका पगार जाहिरातीतून कळत नाही. ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा तेथून त्याच विषयात तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या निदान पाच जणांना भेटून हातात किती पडते ते विचारावे. माहितीपुस्तिकेवर सर्वाधिक पगार घेणाऱ्या एकाचे छायाचित्र असते. आपल्याला मधल्या माणसाचा पगार हवा असतो.

दुसरी वाट आम्हा शिक्षकांची. बी.एस्सी. नंतर दोन वर्षांचे बी.एड., मग शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि निवड. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा १८,००० रुपये आहे. पूर्वी ते ८,००० होते. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी मिळते.

तिसरी वाट संशोधनाची. बी.एस्सी., त्यापुढे दोन वर्षांचे एम.एस्सी. आणि मग नेट परीक्षा. तीत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातीतील पीएच.डी. संशोधकांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्तीही आहे. आपण भाग्यवान असे की, विषाणू संशोधनाची राष्ट्रीय संस्था, आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आयसर अशा नामांकित संस्था एसटीच्या अंतरावर पुण्यातच आहेत. मात्र ही वाट लांबीची आणि चुरशीची आहे. पैसा येतो, पण सहा-सात वर्षांनी येतो, आणि प्रत्येकाला येईल अशी हमी नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे जीवशास्त्राच्या कर्जातील खरी अडचण येथे आहे. कर्जाचे पंचांग वेगळे आणि या विषयाचे पंचांग वेगळे. बँकेचा हप्ता चौथे वर्ष संपताच सुरू होतो. त्या वेळी बी.एड. करणारी मुलगी अजून वर्गात बसलेली असते. एम.एस्सी. करणारीही. ती कमावती होण्याआधीच हप्ता दारात उभा राहतो.

शिक्षणसेवकाच्या १८,००० रुपयांचा हिशोब करून पाहा. खोली आणि जेवण ८,०००, प्रवास आणि फोन १,५००, घरी आई-वडिलांना ३,०००. उरले ५,५००. हप्ता आहे ६,१८५ रुपयांचा. अजून आजारपण, कपडा, भावाची फी धरलेलीच नाही. तोच हप्ता ३७,००० रुपयांच्या शिष्यवृत्तीत जेमतेम एक षष्ठांश होतो आणि सहज पेलतो. म्हणजे कर्ज तेच, विषय तोच, मुलगीही तीच. पैसा कोणत्या वर्षी हातात येतो एवढ्यावर सारे अवलंबून आहे.

हप्ता थकला तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज पतहमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते, म्हणून जमीन गहाण पडत नाही हे खरे. पण मुलीच्या थकबाकीची नोंद वडिलांच्याही नावावर चढते. पुढे त्यांना पीककर्ज वा घरासाठी कर्ज हवे असते तेव्हा ती आडवी येते.

आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. तिने एका खासगी महाविद्यालयात जैवतंत्रज्ञानाला प्रवेश घेतला. अभ्यासक्रमाचे नाव भारदस्त, शुल्कही तसेच. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा आली. तोवर महाविद्यालयाने शुल्कासाठी तगादा लावला आणि घरच्यांनी सगळ्याच रकमेचे कर्ज उचलले. पदवी तिने प्रथम श्रेणीत मिळविली. एम.एस्सी.ला विद्यापीठात नाव लागले होते. परंतु त्याच वर्षी हप्ता सुरू होणार होता. तिने प्रवेश सोडला आणि एका कंपनीच्या पॅकिंग विभागात रात्रपाळीची नोकरी धरली. कर्ज ती वेळेवर फेडते आहे. बँकेच्या दृष्टीने हे कर्ज यशस्वी आहे. मागच्या मेळाव्यात ती मला म्हणाली, "सर, मला शिकण्यासाठी कर्ज दिलं आणि त्याच कर्जानं माझं शिकणं थांबवलं." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

यावरून कर्ज काढूच नये असा निष्कर्ष मी काढत नाही. कर्ज शेवटी यावे आणि लहान असावे, एवढेच सांगणे आहे. त्यासाठी कर्जाच्या आधी काय काय येते ते पाहू.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटी संकेतस्थळावरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. ही योजना १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तेथे प्रवेश न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. उत्पन्नाच्या आणि गुणांच्या अटी मात्र आहेत. बारावीत मंडळाच्या सर्वोच्च एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यास केंद्राची वार्षिक ८०,००० रुपयांची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. तीत जीवशास्त्राचे विषय येतात, वैद्यकीय शिक्षण येत नाही. शिवाय पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहेच.

आता तोच हिशोब पुन्हा मांडू. वार्षिक १,२०,००० मधून शुल्काचे २५,००० शिष्यवृत्तीत गेले, राहण्याचे ६०,००० स्वाधारमधून आले. उरले ३५,०००. तीन वर्षांचे मुद्दल १,०५,००० रुपये. साचलेले व्याज ३१,५०० धरून देणे १,३६,५०० रुपये. पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २,९०० रुपये. १८,००० रुपयांच्या मानधनाचा हा एक षष्ठांशही नाही. पहिला हप्ता ६,१८५ चा आणि दहा वर्षांचा होता. हा २,९०० चा आणि पाच वर्षांचा आहे. दोहोंमधील फरक वेळेवर भरलेल्या दोन अर्जांचा आहे.

तरीही कर्ज घेणे आवश्यक झाले तर बँकेत सही करण्यापूर्वी काही गोष्टी निश्चित करून घ्याव्यात. हप्ता अपेक्षित पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होऊ देऊ नये. पुढे एम.एस्सी. वा बी.एड. केल्यास हप्त्याची सुरुवात लांबवता येईल का, हे लेखी विचारावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. व्याजदर बदलता आहे की स्थिर, ते पाहावे. केंद्राची व्याज अनुदान योजना व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती असल्याने साध्या बी.एस्सी.ला ती मिळेलच असे गृहीत धरू नये. २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना निवडक मानांकित संस्थांपुरती आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, ते प्रवेशाआधी तपासावे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडील सवलतीच्या कर्जाचीही चौकशी करावी. आणि मंजूर झाले म्हणून सगळे उचलू नये. लागेल तेवढेच घ्यावे.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा जीवशास्त्र सोडून लवकर पैसा देणारे काही घ्यावे. ज्याला आवड नाही त्याने तसे खुशाल करावे. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, परिचर्या हेही सन्मानाचे मार्ग आहेत. परंतु २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यापुढे मांडलेला विचार आठवावा. कला आणि कायदा यांच्या शिक्षणापेक्षा विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण अस्पृश्य समाजाच्या अधिक उपयोगी पडेल; पण ते त्याच्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून सरकारने खर्च उचलावा, अशी त्यांची मागणी होती. शिष्यवृत्ती त्या मागणीच्या परंपरेतून आलेली आहे. ती भीक नाही आणि बक्षीसही नाही. तिचा अर्ज न भरणे म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी लढून मिळवलेले दारातूनच परत पाठवणे होय.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत कर्जमुक्त असण्याचे सुख, अनणसुख, हे एक आहे. आपल्या मुलांना विद्या मिळावी आणि हे सुखही लवकर मिळावे, अशी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. शिष्यवृत्ती मंजूर असते पण रक्कम हाती येण्यास महिने लागतात. त्या मधल्या काळासाठीच अनेक घरे मोठ्या कर्जात उतरतात. आपण प्रत्येकी यथाशक्ती रक्कम देऊन एक फिरता निधी उभारावा. त्यातून प्रवेशाच्या वेळी बिनव्याजी उसने द्यावे आणि शिष्यवृत्ती जमा होताच ते परत घेऊन पुढच्या मुलाला द्यावे. नवल भथेनांनी जे एका मित्रासाठी केले, ते आपण शेकडो जण मिळून करू शकतो. सोबत दर मे महिन्यात शाळेच्या सभागृहात एक दिवस बसून बारावी झालेल्या मुलांचे अर्ज भरून द्यावेत. पहिल्या दिवसाची जबाबदारी मी घेतो.

फाट्यावर भेटलेले ते पालक आठवड्याने पुन्हा शाळेत आले. आम्ही दोघांनी आणि मुलीने फळ्यावर खडूने हाच हिशोब मांडला. तिने पुण्यात अनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्राला प्रवेश घेतला, वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. कर्ज काढायचेच तर एम.एस्सी.च्या वेळी पाहू, असे तिने स्वतः ठरवले. बँकेचे कागद वडिलांनी कोरेच परत नेले. जाताना ते म्हणाले, "सर, हे गणित आधी कुणी सांगितलंच नव्हतं." त्यांचे म्हणणे खरे आहे. ते सांगण्याचे काम आपले होते.

जय भीम.